मागितल्याशिवाय चूल नाही

ज्या माणसाने मला आयुष्यातली पहिली नोकरी दिली, त्याने मुलाखतीत मला फक्त खोकायला लावलं.

बिरवाडीच्या बाहेर एक बंद पडलेली भाताची गिरणी होती. तिच्या शेडमध्ये जमिनीवर एक साधी मातीची चूल पेटवलेली, तिच्यात ओली लाकडं कोंबलेली, आणि पलीकडे खाकी कपड्यांतला एक उंच, हाडकुळा माणूस उकिडवा बसलेला. मी माझी बी.ए.ची गुणपत्रिका पुढे केली. त्याने ती हातातसुद्धा घेतली नाही. चुलीजवळचा पाट दाखवून "बसा" म्हणाला. मी बसले. थोड्या वेळाने घशात काहीतरी अडकलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मग मी अशी खोकत सुटले की आढ्यावरचे पारवे उडाले. तो माणूस माझ्याकडे अगदी समाधानाने बघत होता. खोकला ओसरल्यावर त्याने मला तांब्याभर पाणी दिलं आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, नोकरी कसली? खोकायची, असं मी सांगितलं. चवदार तळ्याच्या जवळ आमचं कटलरीचं दुकान होतं. मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी वडिलांची इच्छा होती. ते काही दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मग एकदा बांगड्यांचे खोके लावता लावता त्यांनी हळूच विचारलं की त्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी म्हटलं, बहुतेक नाही. नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो, आणि मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. महाडच्या बाजारपेठेत आणि पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. तोंडावर भाऊ आणि पाठीमागे चुलीवाले. त्यांचं खरं नाव मला पगाराच्या पावतीवरून कळलं, पण ते त्यांना कधी शोभलंच नाही, म्हणून इथेही भाऊच म्हणते.

खोकल्याचं कोडं मला पुढे उलगडलं. आम्ही विकायचो निर्धूर चुली, म्हणजे मातीचीच चूल, पण आतून धुराला वाट काढून दिलेली आणि मागून सिमेंटचा पाइप कौलांवर नेलेला. धूर सगळा बाहेर, घरात फक्त आच. आता ही चूल विकायची तर बाईला आधी तिच्या घरातला धूर दिसायला हवा. जन्मभर त्यात बसलेल्या बाईला तो दिसत नाही. ती खोकते, पण तो खोकला आहे हे तिला उमगत नाही. भाऊंचा स्वतःचा घसा कारखान्यातल्या भट्टीपुढे इतका रापला होता की त्यांना खोटंसुद्धा खोकता येत नसे. त्यांना हवा होता एक कोरा, प्रामाणिक घसा. आमच्या घरी गॅस, त्यामुळे माझा घसा तसा मिळाला. वाडीवरच्या कुठल्याही घरात मी चुलीपाशी बसले की पाचव्या मिनिटाला खोकायची, घरची बाई घाबरून पाणी आणायची, दार उघडायची, आणि मग स्वतःच म्हणायची, "लयच धूर हाय नाय गो आमच्यात?" भाऊ तोवर चकार शब्द बोलत नसत. आमचं जाहिरात खातं म्हणजे माझा घसा.

पूर्वी ते महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलरवर होते. चिमणीच्या टोकाचा धूर पाहून आत कोळसा जास्त पडलाय की हवा कमी, हे ते खालून सांगत. चांगली, कायम नोकरी. एका गणपतीत सुट्टीवर घरी गेले आणि परत आल्यावर राजीनामा दिला. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कारखान्यातल्या त्यांच्या भट्टीला ताडमाड चिमणी होती, धूर जरा काळा झाला की साहेब धावत यायचे. "आणि जी बाई मला भाकऱ्या भाजून घालायची, तिच्या भट्टीला साधं भोक नव्हतं," ते म्हणाले. "कारखान्याच्या माणसांना चांगली हवा मिळावी म्हणून कायदा. आईसाठी काय?"

नोकरी सोडली तरी खाकी गणवेश काही सुटला नाही. खिशावरचं कारखान्याचं चिन्ह त्यांनी ब्लेडने उसवून काढलं होतं, पण त्या जागी कापड गडद राहिल्यामुळे चिन्ह जास्तच ठळक दिसे. उन्हापावसात छत्रीऐवजी पिवळं हेल्मेट. दुचाकी एम-एटी, तिच्या मागे आडवे बांधलेले पाइप. समोरून येणाऱ्याला वाटावं तोफखाना निघाला. माझी मागे बसायची सोय नव्हती. मी एस.टी.ने फाट्यापर्यंत जायची आणि माझ्या वडिलांना तेवढाच दिलासा वाटायचा.

कुणाच्याही घरी गेले की भाऊ आधी माणसाकडे न बघता आढ्याकडे बघत. काजळी किती, जळमटं कुठली, कौलांतून उजेड कुठे येतो. यात उंबरे दिसत नसत, त्यामुळे त्यांच्या पायाचं एक तरी नख कायम फुटलेलं असे. शिवाय ते ओटीवर कधीच बसले नाहीत. घराला वळसा घालून थेट मागल्या दाराने स्वयंपाकघरात. पुढे खुर्ची टाकून बसलेला यजमान वाट बघतोय आणि पाहुणा आत चुलीपाशी मांडी घालून बसलाय, असा प्रसंग मी कितीदा तरी पाहिला. लोक एकमेकांना काय बरं, पाऊसपाणी काय, असं विचारतात. भाऊ विचारत, "धूर काय म्हणतोय?" बायकांना सुरुवातीला हसू यायचं. मग त्याही रस्त्यात भेटल्या की लांबूनच ओरडायच्या की धूर बरा हाय भाऊ, पर पायपाच्या टोपीत पाखरानं घरटं केलंय.

लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, मागणी घालायला कोणी आलं नाही.

शेडमध्ये अगरबत्तीला बंदी होती. आमच्याकडे साचे थापणारी एक बाई होती, तिला दसऱ्याला हत्यारांची पूजा अगरबत्तीशिवाय म्हणजे पाप वाटे. दोघांची दर दसऱ्याला जुंपायची. शेवटी तडजोड अशी झाली की अगरबत्ती लावायची, पण पेटवायची नाही. देवाला वास पोचतोच, धूर कशाला हवा, असं भाऊंचं म्हणणं. ती बाई आरती होईपर्यंत पुटपुटत राही. मी त्या न पेटवलेल्या उदबत्त्यांना नमस्कार करताना हसू दाबायची, आणि आज कुठेही उदबत्तीचा नवा पुडा फोडला की मला ती शेड आठवते.

त्या शेडवर भाऊंनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: मागितल्याशिवाय चूल मिळणार नाही. येणारेजाणारे हसत. मागितल्याशिवाय जगात काय मिळतं, असं किराणावाला म्हणायचा. पण भाऊंच्या लेखी तो धंद्याचा पाया होता. त्याआधी कुठल्याशा योजनेतून वाड्यावाड्यांवर फुकट चुली वाटल्या गेल्या होत्या. भाऊ त्या सगळ्या बघून आले होते. एकीत कोंबडी अंड्यांवर बसलेली, दुसरीचा उपयोग माळ्यावर चढायला पायरी म्हणून, तिसरीचा पाइप उपटून शेताच्या बांधात घातलेला. लोक म्हणत, बायका अडाणी. भाऊ म्हणत, बायकांना कोणी विचारलं होतं? तुमच्या घरात कोणी न विचारता कपाट आणून ठेवलं तर तुम्हीही त्यात कोंबडीच बसवाल.

म्हणून नियम असा की घरच्या बाईने स्वतः, स्वतःच्या तोंडाने चूल मागायची. नवऱ्याने मागितलेली चालणार नाही. मुंबईहून सुट्टीत आलेल्या मुलाने मागितलेली चालणार नाही. सरपंच तर दारातही नको. कितीतरी मुलगे खिशात हात घालून आमच्याकडे आले, आईला सरप्राइज द्यायचंय म्हणाले. भाऊंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

दुसरा नियम किमतीचा. चुलीची किंमत बाईला कुणाला न विचारता उभी करता आली पाहिजे. डोंगरातल्या बाईकडे तिची म्हणून काय असतं? कोंबड्या. त्या ती विकते तेव्हा नवरा विचारत नाही. म्हणून भाऊ बाजाराच्या दिवशी महाडच्या बाजारात फिरून गावठी कोंबडीचा भाव काढत आणि चुलीची किंमत त्याच्या आसपास ठेवत. माती, भाताचं तूस, शेण बाईचं, अंगमेहनत बाईची. साचा, जाळी, पाइप आमचा. प्रत्येक वाडीतली एक बाई आम्ही चूल बांधायला शिकवायचो, म्हणजे दुरुस्तीला आमच्या तोंडाकडे बघायला नको. यात तोटा व्हायचा, तो भाऊ हायवेवरच्या हॉटेलवाल्यांकडून भरून काढत. त्यांना मोठ्या भट्ट्या बांधून द्यायच्या आणि किंमत सांगताना डोळ्याची पापणीसुद्धा हलू द्यायची नाही. पोलादपूरच्या एका हॉटेलवाल्याने कुरकुर केली की डोंगरात तर तुम्ही पाण्याच्या भावात देता. भाऊ म्हणाले, तुम्ही कोंबड्या विकून भट्टी घेणार असाल तर तुम्हालाही देतो. त्याने मुकाट्याने पैसे दिले, आणि त्याच्याकडचे आचारी पुढे आमचे सगळ्यांत मोठे भाट झाले.

एकदा एका कारखान्याचे अधिकारी शेडवर आले. त्यांना आमच्या सगळ्या चुली एकरकमी विकत घेऊन मोठ्या समारंभात फुकट वाटायच्या होत्या, पाइपवर कारखान्याचं नाव घालून. माझ्या डोळ्यांपुढे वेळेवर होणारा पगार नाचायला लागला. भाऊंनी विचारलं, बायकांनी मागितल्यात का? अधिकारी हसले, फुकट देतोय तर मागायचा प्रश्न कुठे येतो. भाऊंनी त्यांना पाटी दाखवली आणि फाटकापर्यंत पोचवून आले. मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले. धूर काय, फुकटच्या चुलीनेही जातोच की. ते माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "जातो. आणि पुढच्या पावसाळ्यात परत येतो." पुढचे काही महिने आम्ही सगळ्यांनी पगार तुकड्यातुकड्याने घेतला आणि तरी कोणी सोडून गेलं नाही. का गेलं नाही हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या माणसाबरोबर काम करताना आपण जरा बरे आहोत असं वाटायचं, एवढं खरं.

पण या नियमाने एक घर असं अडवून ठेवलं होतं, की त्याच्या दारात भाऊंचं काही चालत नव्हतं. ते त्यांच्या आईचं घर.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याने वर जाऊन मग पायवाटेला लागलं की त्यांची वाडी. आई एकटी राहायची. लहान चणीची, काटक म्हातारी, बोलायला तिखट. माझी ओळख करून दिली तेव्हा म्हणाली, "ही काय, खोकायला ठेवलंस ती?" पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात दारापलीकडे बघूच शकले नाही. भर दुपारी आत अंधार आणि धूर. त्यातून तिचा आवाज येत होता आणि मधूनमधून खोकला, खोल, छातीच्या तळातून निघणारा. पोलादपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिची छाती आता फार सोसणार नाही, हिला धुरात बसू देऊ नका. हे ऐकून घेऊन ती घरी आली आणि चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली.

आजूबाजूच्या वाड्यांवर आमच्या चुली लागत होत्या, आणि भाऊंच्या वाडीत एकही नाही. कारण उघड होतं. तिथल्या कुठल्याही घरात गेलो की कोणीतरी म्हणायचंच, "आधी तुमच्या आयशीच्या घरात बांधा, मंग आमच्यात या." भाऊ मान खाली घालून ऐकून घ्यायचे. मला संताप यायचा, लोकांचा नव्हे, भाऊंचा. एक दिवस जाऊन बांधून टाकायची, संपलं. मी तसं म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा आणि शेवटचे माझ्यावर चिडले.

"तिला जन्मात कोणी काही विचारलंय?" ते म्हणाले. "लग्न विचारून केलं नाही. बाबा मुंबईला गेले ते विचारून गेले नाहीत. मी नोकरी सोडली, तीही तिला विचारून सोडली नाही. एवढी एक चूल तरी तिच्या मर्जीने होऊ दे, बाय."

आईची सबब बियाण्याची होती. पावसाळ्यात तिकडे आठवडे आठवडे ऊन पडत नाही. भाताचं बी, सुकी मासळी, ओली घोंगडी, सगळं चुलीवर टांगलेल्या बांबूच्या मांडणीवर धुरात सुकायचं. धुरानेच वाशांना भुंगा लागत नाही. धूर घालवला तर बी कुजेल आणि घर पोखरेल, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या काही जुन्या चुलींचे पाइप बायका पावसाळ्यात गोणपाटाने बुजवून टाकत होत्या, ते याचसाठी. भाऊंनी एक अख्खा पावसाळा यावर घातला. शेडमध्ये पाइपभोवती पत्र्याची बंद मांडणी केली, म्हणजे पाइपची ऊब मांडणीला मिळेल आणि धूर आत शिरणार नाही. दिवसभर तिच्यात ओलं भात ठेवून बघत. मासळी सुकवायच्या नादात शेडमध्ये मांजरांचा सुळसुळाट झाला. वाशांना कडू तेलाचा हात द्यायचा, हेही ठरलं. शेवटी जमलं, आणि त्या मांडणीमुळे आमच्या चुलींना इतकी मागणी आली की पाइप पुरेनात.

आता तरी आई मागेल. पण भाऊ तिला सरळ सांगणार कसे? ते जाऊन बसायचे आणि इकडच्या तिकडच्या गप्पा केल्यासारखं बोलायचे, की अमक्या वाडीतल्या अमकीचं बी यंदा मांडणीत कसं खडखडीत सुकलं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, बरं झालं तिचं. मग ते म्हणायचे, आणि धूर तर अजिबात नाही. आई म्हणायची, बरं झालं. दोघंही एकमेकांना पुरते ओळखून होते. येताना भाऊ पायवाटेवर वळून कौलांतून झिरपणारा धूर बघत उभे राहायचे आणि मी पुढे निघून जायची, कारण मला ते बघवत नसे.

असा एक शिमगा आला. आम्ही वाडीवर गेलो होतो. भाऊ पलीकडच्या वाडीत एका पाइपची टोपी बदलायला गेले आणि मी आईजवळ थांबले. तिने माझ्यासाठी चहा टाकला. मी नेहमीप्रमाणे खोकले. तीही खोकली, आणि तिचा खोकला थांबेचना. भिंतीला हात टेकून ती वाकून उभी राहिली, तिचे ओठ निळसर दिसायला लागले. मी तिला बाहेर अंगणात आणून बसवलं, पाठ चोळली. दम खाली बसल्यावर मी विचारलंच. सगळ्या डोंगराला चूल मिळाली, आजी, तुम्हीच का मागत नाही? तुमचा मुलगा वाट बघतोय.

तिने पदराने तोंड पुसलं. "लेकाजवळ मागू?" ती म्हणाली. "आयशीनं लेकाला खाऊ घालावं. लेकापुढं हात पसरावा काय? बाकीच्या बाया मागतील, तो त्यांचा कोण लागत नाय. मी आयस हाय गो त्याची."

ती अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होती.

"तो येतो, बसतो, हिचं सांगतो, तिचं सांगतो. मला कळत नाय काय? माझ्या तोंडातनं मागणं काढायचं हाय त्याला. एकदा म्हणायचं होतं, आये, मला हितं चूल बांधायची हाय. मी काय नाय म्हणली असती?"

भाऊ आल्यावर आम्ही निघालो. पायवाट उतरताना मी त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते चालायचे थांबले. बाजूच्या दगडी गडग्यावर बसले आणि पिवळं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. खाली रस्त्यावरून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज येत होते. मला वाटलं ते आता आईच्या हट्टाबद्दल काहीतरी बोलतील.

"मी समजत होतो तिला मान देतोय," ते म्हणाले. "आणि इतकी वर्षं तिला तिच्याच घरात हात पसरायला सांगत होतो."

मी म्हटलं, तुमचा नियम चुकीचा नव्हता. ते म्हणाले, नियम बरोबरच होता, पण बायकांना कोणी विचारत नाही म्हणून जग हिंडलो आणि आईला मीही विचारलं नाही. मग उठले आणि परत वर निघाले. मी मागोमाग गेले, कारण खालची एस.टी. तोवर चुकलीच होती.

आई अंगणातच होती. भाऊ मागल्या दाराला गेले नाहीत, पुढून आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. बॉयलर सांभाळलेला, अधिकाऱ्यांना फाटकाबाहेर काढलेला तो माणूस. हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

"आये," शेवटी ते म्हणाले, "एक मागायचंय तुझ्याजवळ."

"माग."

"तुझ्या चुलीची जागा दे मला. मला तिथं चूल बांधायची हाय."

हो-नाही म्हणायची ती वेळ तिची होती आणि तिने ती पुरेपूर वसूल केली. पदर नीट केला, एका कोंबडीला हुसकलं, आधी जेवला आहेस का ते विचारलं. मग म्हणाली, "घे. तुला नाय म्हणंन काय मी?" आणि लगोलग सूचना सुरू झाल्या. तोंड पूर्वेलाच पाहिजे. बाजूचा वैल मोठा पाहिजे, त्यावर बसणारं तिचं भाताचं भांडं मोठं आहे. माती घरामागच्या परड्यातली नको, बांधाखालची आण.

त्यानंतरच्या आठवड्यात चूल झाली. भाऊंनी हयातीत इतक्या चुली बांधल्या, पण इतकी बोलणी कुठल्याच चुलीपायी खाल्ली नसतील. माती तिने स्वतः पायांनी तुडवली. एक कड तिने दोनदा मोडायला लावली. त्या वर्षी वाडीतल्या बाकीच्या घरांतही चुली लागल्या, आणि आमच्या कामाची रीत थोडी बदलली. आम्ही आता मागण्याची वाट बघत बसायचो नाही. भाऊ स्वयंपाकघरात जाऊन बाईलाच म्हणायचे, तुमच्याकडे एक मागायला आलोय, चुलीला जागा द्याल का? काही बाया नाही म्हणायच्या. त्यांना ते मनापासून नमस्कार करून परत यायचे. पाटी मात्र त्यांनी काढली नाही.

आई त्यानंतर बरीच वर्षं होती. छाती पूर्ण बरी झाली नाही, पण फुंकणी सुटली, रात्रीची झोप परत आली, आणि तिच्या बोलण्यातला तिखटपणा तर दम मिळाल्याने वाढलाच. माझं लग्न झालं, मी पनवेलला आले. पुढे वाड्यांवर सिलिंडर पोचायला लागले आणि भाऊंना त्याचा जो आनंद झाला, तो आपला धंदा बसतोय म्हणून दुःखी होणाऱ्या माणसाचा नव्हता. आता भाऊ नाहीत. त्या गिरणीच्या जागी फरशांचं गोदाम आहे. मी महाडला गेले की बिरवाडीच्या बाजूने जाते, आणि मला त्यांची फार आठवण येते. खूप हुशार, खूप यशस्वी माणसं पुढे भेटली. इतका वेडा आणि इतका निर्मळ माणूस मला परत भेटला नाही.

पण भाऊ म्हटलं की मला डोळ्यांपुढे येतो तो आईच्या नव्या चुलीचा पहिला दिवस. चूल वाळली होती. तिने हळदकुंकू वाहिलं, लाकडं लावली, पेटवलं. पहिल्यांदा थोडा धूर घोटाळला, मग त्याला वाट सापडली आणि तो पाइपात शिरला. खोली तशीच स्वच्छ राहिली. त्या घरात कौलांमध्ये एक काचेचं कौल होतं, भाऊंच्या लहानपणीच बसवलेलं. काजळीने ते कधीच काळं पडलं होतं, भाऊंनी आदल्या दिवशी वर चढून पुसलं होतं. त्यातून उन्हाचा पट्टा थेट चुलीपाशी उतरला होता आणि त्या उजेडात भाऊ भिंतीला टेकून, पुढ्यात ताट घेऊन बसले होते.

आईने तव्यावर भाकरी टाकली आणि भाजी वाढायला वळली. वाढता वाढता तिचा हात थांबला. ती त्यांच्याकडे बघत राहिली, नवखा माणूस घरात आल्यासारखी. मग जवळ सरकली आणि त्यांच्या कानापाशी पिकलेल्या केसांना हात लावला.

"तू येवढा म्हातारा कवा झालास रे?" ती म्हणाली.

ती तशीच हात न काढता बघत राहिली आणि मलाही उठून तवा उतरवायचं सुचलं नाही. त्या चुलीवरची पहिली भाकरी करपली. आम्ही तिघांनी ती वाटून खाल्ली.